लघुलोहमार्गमीमांसा, अर्थात टेबलावरील आगगाडीचे शास्त्र

विषयप्रवेश

प्रौढ, कमावता आणि मतदार यादीत नाव असलेला मनुष्य दिवाणखान्यात प्लायवूडची फळी आडवी टाकून तिच्यावर डोंगर का उभारतो, त्या डोंगराला भोक का पाडतो आणि त्या भोकातून आगगाडी बाहेर आली की एकटाच टाळ्या का पिटतो, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत प्रबंधात मिळणार नाही. 'का' हा प्रश्न घरच्या मंडळींचा आहे आणि तो विचारण्याचे काम ती मंडळी नेमाने करीत असतात. शास्त्राचा प्रश्न निराळा. शास्त्र विचारते, 'किती?'

मॉडेल रेल्वे नामक उद्योगाची रूढ व्याख्या अशी : खऱ्या रेल्वेतील प्रत्येक वस्तूला एकाच ठरावीक संख्येने भागावे आणि येणारा भागाकार फळीवर चिकटवावा. ही संख्या बहुतेक ठिकाणी ८७ असते. या मापाला एचओ म्हणतात. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरी २००१ साली उघडलेल्या 'मिनियातुर वुंडरलांड'मध्ये याच मापाचे सोळा किलोमीटरहून अधिक रूळ अंथरलेले आहेत. त्यांना ८७ ने गुणले तर मुंबईहून दिल्ली गाठता येते. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला 'जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज' १९९८ पासून आहे. तेव्हा विषय पोरकट आहे, असा आक्षेप घेणाऱ्याने आधी कोथरूडला जाऊन यावे.

व्याख्या सुटसुटीत आहे. तिच्यात दोष एवढाच की ती खरी नाही. इंजिनाची लांबी ८७ ने भागली जाते, वजन तसे भागले जात नाही, वेळ भागायला गेले तर हसे होते, पाणी भागाकार मानतच नाही आणि घरातल्या मुंग्यांना तर या संख्येची वार्ताही नसते. म्हणून आमचा सिद्धान्त आरंभीच सांगून टाकतो : कोणती वस्तू मापात बसवली यावरून कारागीर ओळखावा, कोणत्या वस्तूला मापातून सूट दिली यावरून जाणकार ओळखावा. पुढील अधिकरणे या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ आहेत. मीमांसकांच्या रीतीप्रमाणे जिथे वाद आहे तिथे आधी पूर्वपक्ष मांडला आहे, मग त्याचे खंडन केले आहे आणि मग निर्णय दिला आहे. जिथे वाद नाही तिथे तो उकरून काढला आहे.

अधिकरण पहिले : रुळांच्या रुंदीविषयी

जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली खेळण्यातल्या रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. पुढे घरे लहान झाली आणि क्रमांक उतरत गेले. शून्य क्रमांकावर आल्यावर खाली जायला जागा उरली नाही, तेव्हा शून्याचे अर्धे करण्यात आले. शून्याचे अर्धे शून्यच, ही शाळेतली अडचण कारखानदारांना आडवी आली नाही. त्यातून जे माप निघाले ते एचओ : खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजेच १:८७, आणि रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर.

इंग्रजांची पंचाईत अशी की त्यांची खरी इंजिनेच अंगाने लहान. त्या काळची विजेची मोटर १:८७ च्या इंग्रजी इंजिनात मावेना. तेव्हा त्यांनी इंजिन फुगवून फुटाला चार मिलिमीटर केले आणि रूळ मात्र होते तेच ठेवले. या मापाला डबल ओ म्हणतात. त्यात इंजिन १:७६ चे आणि रूळ १:८७ चे. खऱ्या मोजमापात सांगायचे तर चार फूट साडेआठ इंचांच्या रुळांवरून धावायची गाडी सुमारे चार फूट दीड इंचांच्या रुळांवरून धावते. ही सूट काहींना सहन होईना. त्यांनी १८.२ मिलिमीटरचा ईएम पंथ काढला. त्यालाही शिथिल मानणाऱ्यांनी १८.८३ मिलिमीटरचा पी-फोर पंथ काढला. या दोन पंथांमध्ये ०.६३ मिलिमीटरचे अंतर आहे. शैव आणि वैष्णव एका पंगतीला बसले, देशस्थ-कोकणस्थांची लग्ने होऊन नातवंडेही झाली, पण हे ०.६३ मिलिमीटर अद्याप कोणी ओलांडलेले नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. डलहौसीच्या अमदानीत हिंदुस्थानच्या रेल्वेची रुंदी साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर ठरली. तिला ८७ ने भागले की १९.२६ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे. म्हणजे सातारा आणि नागपूर खालसा करणाऱ्या या लाटसाहेबाने जाता जाता मराठी छंदिष्टांचेही २.७६ मिलिमीटर खालसा करून ठेवले.

पूर्वपक्ष म्हणतो : रूळ बरोबर मानावेत आणि बाकीचे जग त्यांना जुळवून घ्यावे. १६७६ ला १६.५ ने भागले असता १:१०१.६ हे माप येते. त्या मापाने इंजिने, डबे, फलाट, पाणपोया आणि स्टेशनमास्तर नव्याने घडवावेत.

खंडन : या मापाचे काहीही कुठेही विकत मिळत नाही. स्टेशनमास्तर घरी घडवता येईलही, पण गिअर घडवता येणार नाहीत.

निर्णय : रुळांची रुंदी कमी आहे हे फक्त गाडीकडे अगदी समोरून पाहिल्यासच कळते. बाजूने पाहणाऱ्याला ते उमगत नाही. सबब गाडीकडे समोरून पाहू नये. हा नियम खऱ्या रेल्वेलाही लागू आहे.

अधिकरण दुसरे : लांबीविषयी

मुंबई ते पुणे हे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर. ८७ ने भागले की सव्वादोन किलोमीटरांच्या आत बसते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून रूळ टाकायला सुरुवात केली तर सारसबागेच्या आसपास काम संपते. मधल्या सर्व घरमालकांची संमती मिळाल्यास मापात कसलीही सूट न देता ही लाइन बांधता येईल. प्रबंधकर्त्याने हा मार्ग सोडून दिला आहे, कारण मध्ये पेठा लागतात.

निव्वळ भोर घाट घ्यावा, असे काहींचे मत आहे. हे मत रसिकतेचे आहे. १८५६ साली काम सुरू होऊन १८६३ साली हा घाट खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट तडीस नेले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे इथे राबत होती, त्यांतली किती परत गेली नाहीत याचा विचार केला की टेबलावरच्या बोगद्याबद्दल फुशारकी मारण्याचे धैर्य होत नाही. सात वर्षांत खरा घाट उभा राहिला. एकटा छंदिष्ट, रविवारची सुट्टी आणि फेविकॉलचा एक डबा यांच्या बळावर यापेक्षा जलद काम व्हावे अशी अपेक्षा घरच्यांनी ठेवू नये.

परंतु हिशेब पाहा. घाटाची चढण १८३१ फुटांची, म्हणजे ५५८ मीटरची. तिला ८७ ने भागले तर ६.४ मीटर उरतात. कर्जत तळमजल्यावर ठेवले तर लोणावळा दुसऱ्या मजल्याच्या जमिनीला लागते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव संमत होणे कठीण आहे. तिथे पार्किंगचा ठरावही होत नाही.

याहून गंभीर संकट वळणांचे आहे. भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण चालत नाही. ८७ ने भागून ते दोन मीटर होते. म्हणजे गाडीला गोल फिरून परत यायचे असेल तर चार मीटर रुंदीची खोली हवी आणि खोलीत दुसरे काही नको. बाजारात सर्रास मिळणारे वळण अठरा इंच त्रिज्येचे असते. त्याला ८७ ने गुणले की चाळीस मीटर होतात. इतक्या तीव्र वळणावर ट्राम वळते, डेक्कन क्वीन वळत नाही. तरी जगभरच्या टेबलांवर राजधानीपासून मालगाडीपर्यंत सर्व गाड्या याच वळणांवरून पोट घासत जातात आणि पाहणारे 'काय हुबेहूब आहे!' असे म्हणतात.

गाड्यांच्या लांबीचेही तेच. एलएचबी नावाचा हल्लीचा प्रवासी डबा चोवीस मीटरांच्या जवळ जातो, भागाकार साडेसत्तावीस सेंटीमीटर. सतरा डब्यांची गाडी इंजिनासकट पाच मीटरांच्या घरात. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर तिचे इंजिन तिच्याच शेवटच्या डब्याला धडकण्याचा संभव असतो. म्हणून जाणकार गाडी आखडती घेतात. किती आखडावी? आमच्या मते पाच डबे ही गाडी. चार डबे ही पॅसेंजर. तीन डबे म्हणजे पगार व्हायचा आहे.

निर्णय : लांबीला सूट द्यावी, पण चढाला देऊ नये. कारण चढ हे गुणोत्तर आहे आणि गुणोत्तराला ८७ शिवत नाही. भोर घाटाचा १:३७ चा चढ टेबलावरही १:३७ च राहतो. संपूर्ण घाटातली हीच एक चीज घरी जशीच्या तशी आणि फुकट आणता येते. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला साडेसात सेंटीमीटर उंची गाठावी लागते. १:३७ ने ती गाठायला पावणेतीन मीटर लांबी लागेल. प्लायला अर्धा वेढा घातला की ती मिळते. पुढच्या अर्ध्या वेढ्यात उतरावे. गेली दीडशे वर्षे घाटातली रेल्वे यापेक्षा निराळे काही करीत नाही.

अधिकरण तिसरे : वजन आणि वेळ यांविषयी

लांबी ८७ ने भागली तर रुंदी आणि उंचीही भागावी लागते. त्यामुळे वजनाला ८७ ने तीन वेळा, म्हणजे एकंदर ६,५८,५०३ ने भागावे लागते. डब्ल्यूडीएम-२ हे आपले जुने डिझेल इंजिन ११२.८ टनांचे. त्याचे १७१ ग्रॅम झाले. एवढ्या वजनाचे इंजिन रुळांवर उभे राहते, दिवे लावते, भोंगा वाजवते आणि चढ आला की जागच्या जागी चाके फिरवते. म्हणून बाजारातल्या इंजिनांत शिसे किंवा दुसरा जड धातू भरून वजन दुप्पट-तिप्पट केलेले असते. शास्त्रदृष्ट्या ही लबाडी आहे. गाडी चढते, हे लबाडीचे समर्थन पुरेसे आहे.

सत्तर किलोच्या प्रवाशाचे मापातले वजन ०.१ ग्रॅम भरते. त्याच्या सामानाचा विचार केलेला नाही.

वेळेचा प्रश्न याहून अवघड. ताशी शंभर किलोमीटरच्या गाडीने टेबलावर सेकंदाला ३२ सेंटीमीटर जावे, हे गणिताने ठीक. पण आठ बाय चारच्या प्लायवरचा लंबगोल भरतो पावणेसहा मीटर. म्हणजे सुटलेली गाडी अठरा सेकंदांत परत सुटलेल्याच स्टेशनात हजर. अठरा सेकंदांत कोणतीही भारतीय गाडी फलाटाचे टोकही सोडत नाही. मुंबईहून पुण्याला पोचायचे तर ३८४ फेऱ्या माराव्या लागतील आणि त्या मोजणाऱ्या माणसाला घरात कोणी जेवायला वाढणार नाही.

पाश्चात्त्यांनी यावर वेगवान घड्याळाचा तोडगा काढला आहे. ते घड्याळ खऱ्या घड्याळाच्या अनेकपट वेगाने चालते. मंडळी रीतसर वेळापत्रक छापून त्या घड्याळाबरहुकूम गाड्या चालवतात. आपल्याकडे वेळापत्रक छापण्याला हरकत नाही. त्याबरहुकूम चालवणे मात्र हुबेहूबपणाच्या विरुद्ध जाईल.

अधिकरण चौथे : भूमीविषयी

रूळ टाकून झाले की फळी उघडी-वाघडी दिसू लागते. तिच्यावर पृथ्वी करावी लागते. याबाबत दोन परंपरा आहेत.

पहिली परंपरा स्वदेशी असून तिचे आचार्य पाच ते बारा वर्षे वयाचे असतात. दिवाळीच्या आधी अंगणात दगड, विटा आणि गोणपाट रचून त्यावर माती लिंपून ते किल्ला उभा करतात, वर अळीव किंवा मोहरी पेरतात आणि चार दिवसांत डोंगर हिरवा करून दाखवतात. लघुभूमिनिर्मितीची इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक परंपरा असलेला प्रांत जगात विरळा. मात्र या संप्रदायात माप मानत नाहीत. महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा तोफेपेक्षा मोठा असतो आणि तळ्याकाठचा वाघ बुरुजाला टेकून उभा असतो. महत्त्वाच्या मानाने आकार, हे त्यांचे सूत्र. अळीव पाच सेंटीमीटर वाढला की एचओ मापात ते गवत सव्वाचार मीटरांहून उंच होते. त्यात कर्जत लोकल सापडायची नाही.

दुसरी परंपरा विलायती. तीत लाकडी सांगाडा, त्यावर जाळी आणि त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. हाड मोडल्यावर डॉक्टर गुंडाळतात त्याच. खडकांसाठी रबरी साचे मिळतात. साच्यातून काढलेला खडक सुंदर असतो, पण तो आल्प्सचा किंवा रॉकी पर्वताचा असतो : उभा, तिरपा, टोकदार. सह्याद्री असा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर आडवे पसरत गेले आणि त्यांचा सह्याद्री झाला. म्हणून त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथे सपाट. हे ध्यानात घेतले तर मराठी कारागिराचे काम एकदम सोपे होते. सपाट तक्ते एकावर एक चिकटवावेत, कडा चाकूने ओबडधोबड कापाव्यात, थरांच्या फटींत हिरवा भुसा कोंबावा. निसर्गाने हेच केले, फक्त त्याचा माल गरम होता. पूर्वी यासाठी थर्माकोल वापरीत. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आल्यापासून खोक्यांच्या जाड पुठ्ठ्याकडे वळावे. तो घरात असतोच आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला असतो. हीच ती वेळ.

आता खडीचा वाद. भारतीय रुळांखालची खडी पन्नास मिलिमीटरच्या आसपास. मापात ०.५७ मिलिमीटर.

पूर्वपक्ष म्हणतो : जाडा रवा बरोबर याच आकाराचा असतो. तो करड्या रंगात रंगवून रुळांमध्ये पसरावा. पाण्यात निम्मे फेविकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ते मिश्रण ड्रॉपरने सोडावे, म्हणजे रवा जागेवर बसतो.

खंडन : कृती निर्दोष आहे, पदार्थ सदोष आहे. रव्याला मुंग्या येतात. तीन मिलिमीटरची मुंगी मापात सव्वीस सेंटीमीटर लांब भरते. मांजराएवढ्या सहापायी प्राण्यांची रांग खंडाळ्याच्या सिग्नलखालून निघालेली पाहून प्रवाशांत घबराट पसरेल. रवा आधी भाजून घ्यावा, असा एक उपपक्ष आहे. त्याने मुंग्या थांबत नाहीत, शेजारी येतात.

निर्णय : बारीक चाळलेली दगडाची कच वापरावी. रवा शिऱ्याला ठेवावा.

मुंग्यांवरून पालींचा विषय निघतो. भिंतीवरची बारा सेंटीमीटरची पाल लेआउटवर, म्हणजे सजवलेल्या फळीवर, उतरली की मापात साडेदहा मीटरांची होते. स्टेगोसॉरस हा डायनोसॉर साधारण नऊ मीटरांचा होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे जॉन अॅलन या थोर कारागिराने बांधलेल्या एचओ लेआउटवर एमा नावाची स्टेगोसॉरस मादी डबे ओढायला ठेवलेली होती. जागा मोठी भासावी म्हणून आरसे, जुनाट दिसावे म्हणून गंज आणि धूळ, या युक्त्यांत तो अग्रगण्य होता. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि दहाच दिवसांत त्याचे लेआउट आगीत भस्म झाले. तरी एमाचा दाखला उरतो. त्याच्या आधारे पालीला हुसकावू नये, नोकरीवर ठेवावे.

गवतासाठी आता नायलॉनचे दोन ते सहा मिलिमीटरचे तंतू मिळतात. ते एका चाळणीत भरतात, चाळणीला उच्च दाबाचा विद्युतभार देतात आणि दुसरी तार ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला जोडतात. चाळणी हलवली की तंतू खाली येताना ताठ होतात आणि गोंदात उभेच्या उभे रुततात. हा क्षण पाहिलेला माणूस पुढे आठवडाभर घरातल्या कोणत्याही सपाट पृष्ठभागाकडे विचित्र नजरेने पाहतो.

गवताचा रंग कोणता? विलायती डब्यांवर 'वसंत' आणि 'शरद' लिहिलेले असते. सह्याद्रीला ते उपयोगाचे नाही. इथे आषाढात सर्व हिरवे, मार्गशीर्षात सर्व पिवळे, वैशाखात सर्व जळके. बहुतेक जण आषाढ निवडतात आणि फसतात, कारण आषाढ घेतला की पाऊस घ्यावा लागतो. पावसाचा थेंब दोन मिलिमीटरचा. मापात तो सतरा सेंटीमीटरचा होतो. असा पाऊस पडला तर छत्री नव्हे, चिलखत लागेल. पाणी लहान होत नाही, हा निसर्गाचा हट्ट आहे. हॅम्बुर्गवाल्यांनी स्कँडिनेव्हियाच्या देखाव्यात तीस हजार लिटर खरे पाणी भरून त्यावर जहाजे सोडली आहेत, पण लाटा त्यांनाही ८७ ने भागता आल्या नाहीत. सामान्य माणसाने नदीसाठी इपॉक्सी रेझिन ओतावे, तेही पातळ थरांनी. एकदम ओतले तर ते तापते, तडकते आणि उल्हास नदीची ऐन पावसाळ्यात काच फुटते.

निर्णय : आश्विनाचा आरंभ घ्यावा. पाऊस थांबलेला असतो, हिरवे टिकलेले असते, धबधबा बारीक झालेला असतो. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा जांभळा रंग वापरल्यास लेआउटचे साल सांगण्याची तयारी ठेवावी.

अधिकरण पाचवे : प्रजेविषयी

सरासरी मराठी माणूस एचओ मापात सुमारे एकोणीस मिलिमीटर उंच असतो. अशी माणसे जर्मनीत बनतात आणि ती दिसतातही जर्मन. त्यामुळे भारतीय लेआउटवरच्या कर्जत स्टेशनात लांब कोट घातलेले, हातात चामडी बॅग घेतलेले आणि वेळेवर आलेले लोक उभे दिसतात. तिसरी गोष्ट विशेष खटकते.

त्यांचे मराठीकरण कुंचल्याने करावे लागते. टोपी पांढरी केली की वारकरी होतो, बॅग पिवळी केली की क्लासला निघालेला मुलगा. कठीण काम नऊवारीचे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. मापात साडेनऊ सेंटीमीटरची पट्टी. अठरा मिलिमीटरच्या बाईला ती नेसवायला घेतली तर जगातले सर्वांत तलम कापडही पाचव्या वेढ्यात गोधडी होते. इथे सूट द्यावी आणि लुगडे रंगाने काढावे.

फलाटावरचा वडा मात्र कोणतीही सूट न देता साधता येतो. सात-आठ सेंटीमीटरचा बटाटेवडा मापात पाऊण ते एक मिलिमीटरचा होतो. खसखशीचा दाणा नेमका तेवढाच. त्याला हळदीच्या पाण्यात बुडवून टाचणीने परातीत ठेवावा. आठ-दहा दाणे ठेवल्यावर शिंक आवरावी.

उपनगरी गाडी दाखवायची असल्यास रेल्वेच्या परिभाषेतली अतिघनदाट गर्दी लक्षात घ्यावी : उभे प्रवासी दर चौरस मीटरला चौदा ते सोळा. मापात एक चौरस मीटर म्हणजे १.३२ चौरस सेंटीमीटर. एवढ्या जागेत चौदा माणसे बसवली की ती एकमेकांना धरून राहतात. फेविकॉल लागत नाही.

अधिकरण सहावे : अपघातांविषयी

गाडी रुळांवरून कुठे घसरते? गणिताने पाहता कुठेही घसरू शकते. प्रत्यक्षात ती बोगद्यात घसरते. बोगद्यात नसेल तर हात पोचत नाही अशा ठिकाणी घसरते. मनुष्याचा हात उभ्याने पाऊण मीटरपर्यंत नीट पोचतो. चार फूट रुंद फळी भिंतीला लावून ठेवली तर पलीकडची जवळपास दीड फूट पट्टी देवाच्या भरवशावर राहते. तिथे पोचण्यासाठी फळीवर गुडघा टेकणाऱ्यांनी एका मिनिटात आठ महिन्यांचा सह्याद्री सपाट केल्याची उदाहरणे या छंदात सर्वत्र आहेत. म्हणून फळी अडीच फुटांहून रुंद नसावी, नाहीतर चारी बाजूंनी मोकळी असावी. आणि प्रत्येक बोगद्याला मागून उघडणारे झाकण असावे. खऱ्या भोर घाटात ही सोय ठेवलेली नाही, पण तिथे प्लायवूडही वापरलेले नाही.

उपसंहार : कोणती लाइन बांधावी?

इतक्या सवलती देऊन झाल्यावर वाचक विचारील की महाराष्ट्रात कमीत कमी खोटे बोलून टेबलावर आणता येईल अशी एखादी रेल्वे आहे की नाही. आहे. ती म्हणजे १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान.

वर मांडलेल्या प्रत्येक कसोटीवर ती उतरते. तिची रुंदी दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. मापात ७ मिलिमीटर. शेतावरच्या छोट्या गाड्यांसाठी बनवलेले साडेसहा मिलिमीटरचे रूळ बाजारात आहेत. तूट फक्त अर्ध्या मिलिमीटरची. एवढ्याने नवा पंथ निघत नाही. तिची वळणे अठरा मीटरपर्यंत तीव्र. मापात २१ सेंटीमीटर. आठ बाय चारच्या फळीवर ती खरोखर मावतात आणि वर जागा उरते. तिचा चढ १:२० चा, म्हणजे टेबलावरही लवकर वर चढते. तिची गाडी पाच-सहा डब्यांचीच, तेव्हा आखडायला नको. तिचा वेग माणसाला पायी गाठता येण्याजोगा, त्यामुळे वेगवान घड्याळ नको; घड्याळच नको. बोगदा एकच, तोही आखूड, त्यामुळे झाकणही नको. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने मापातल्या मोटारी विकत घेण्याचा खर्च वाचतो. घोडे घ्यावेत. माकडे सहा मिलिमीटरची होतात, ती काळ्या डाळीच्या सालीतून कापता येतात. आणि तिथली तांबडी माती वस्त्रगाळ केली की तीच मापातली माती होते, रंगवावीही लागत नाही. वीस किलोमीटरांचा मार्ग मापात २३० मीटर भरतो, एवढी एकच सूट उरते. ती घ्यावी आणि गाड्यांचे क्रॉसिंग जिथे होते ते एकटे जुम्मापट्टी स्टेशन बांधावे.

सबब आमचा अंतिम निर्णय जुम्मापट्टीच्या बाजूने आहे. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी खुशाल डेक्कन क्वीन फिरवावी, समोरून मात्र पाहू नये.

शेवटी एक सूचना. प्लायवूड आणायला जाण्यापूर्वी खोलीच्या दाराची रुंदी मोजावी. घरातले दार सहसा अडीच ते तीन फुटांचे असते. चार फुटांची कोरी फळी तिरकी करून त्यातून आत नेता येते. डोंगर चढवलेली फळी बाहेर काढता येत नाही.